फळांच्या वेलींसाठी नर्सरी चांगली आहे, फक्त एक गोष्ट विचारून घ्या

जळगावातल्या एका नर्सरीबद्दल लिहितोय, नाव टाकत नाही कारण पुढे थोडी कुरकुर पण आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, तिथं फळाची वेल जगवायची म्हणजे रोप आणि विकणारा दोन्ही खमके पाहिजेत.

सोबत भाचा होता, त्याला किवी पाहिजे होती. नर्सरीवाल्या काकांनी सरळ सांगितलं, "नको घेऊ भो, तिला थंडी लागते, इथं नुसती पानं भाजतील." आणि बरोबरच आहे, किवीला हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांच्या खालची थंडी लागते, वर नर आणि मादी वेली वेगवेगळ्या, तरी ऑनलाईनवाले एकच रोप बिनधास्त विकतात. हातातलं गिऱ्हाईक सोडणारा माणूस, एक स्टार तिथंच दिला.

द्राक्षाचं रोप डॉगरीज खुंटावर (म्हणजे खालचा मुळांचा भाग दुसऱ्या, काटक द्राक्षजातीचा) कलम केलेलं होतं, हे मस्त काम, कारण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आणि हा खुंट ते सहन करतो. फक्त कलमाच्या खालून फुटवा आला की लगेच खुडायचा. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळांसाठी गोडी छाटणी, हे नाशिककडे पोरासोरांनाही माहीत, आम्ही पडलो केळीवाले, हिरव्या वेलीवर कात्री चालवायची म्हटलं की जीवावर येतं, पण नाही छाटली तर मंडपभर पाला होतो आणि घड नावालाच. मणी बाजारातल्याएवढे होत नाहीत, तिथं जीए म्हणजे मणी फुगवायचं संजीवक मारलेलं असतं, घरी कशाला त्या भानगडी. चव चांगली आहे.

आता कुरकुर. पॅशन फ्रूटची पिवळी जात घेतली, जांभळीपेक्षा उन्हाला हीच टिकते, इथपर्यंत सल्ला बरोबर. दोन रोपं दिली, वेली जाळीवर अशा पसरल्या की शेजारच्या काकू बघायला आल्या, फुलं पण ढीगभर, कृष्णकमळासारखी, आणि फळ एक नाही! पिवळ्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलीचा लागतो, आणि काकांनी दोन्ही रोपं एकाच वेलीच्या फांद्यांपासून केलेली, म्हणजे परागाच्या हिशोबाने ती एकच वेल झाली. हे विकताना सांगायला नको का? शेवटी धुळ्याहून मावशीने बियांपासून केलेलं रोप पाठवलं, त्यालाही फुलं लागल्यावर गाडी रुळावर आली. हिचं फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलतं, तेव्हा ते मोठे काळे भुंगे पाठीवर पराग माखून हिंडतात, भुंगे दिसले नाहीत तर मी जेवणाआधी लहान ब्रशने एका वेलीचा पराग दुसरीच्या फुलाला लावतो, बायको हसते, हसू दे.

फळ तोडायचं नाही, पिकलं की आपोआप पडतं, साल सुरकुतली की आंबटपणा कमी होतो. गर गाळून गूळ, काळं मीठ आणि भाजलेलं जिरं घालून सरबत करा, कोकम विसराल.

एकूण चार स्टार. काकांना हे सगळं ऐकवलं तर रागावले नाहीत, आता बियांची रोपं पण ठेवतात, पॅशन फ्रूट घेणार असाल तर तीच मागा. रविवारी गर्दी असते, यूपीआय चालतं, पावती मागितली की मात्र काकांचं तोंड वाकडं होतं.