प्रवेश देण्याची घाई न करणारी बालवाडी

पुण्यात आम्ही राहतो त्या भागातील एका मराठी माध्यमाच्या बालवाडीत आमची मुलगी सध्या लहान गटात आहे. येत्या जूनसाठी शाळा शोधणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. त्यातील बराचसा भाग वयाविषयी आहे, कारण या बालवाडीचे वेगळेपण तेथेच जाणवते.

महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला जूनमध्येच शिशुवर्गात घेता येते. नियम सुटसुटीत आहे; पण त्यामुळे जानेवारीत जन्मलेले जवळजवळ साडेतीन वर्षांचे मूल आणि डिसेंबरअखेरीस जन्मलेले जेमतेम अडीच वर्षांचे मूल एकाच सतरंजीवर येऊन बसते, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठे अंतर असते. हेच अंतर पुढे सरकत जाऊन डिसेंबरमधील मूल साडेपाचव्या वर्षी पहिलीत पोहोचते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मात्र ३ ते ८ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला असून पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण असणे अपेक्षित आहे.

आमच्या मुलीचा जन्म नोव्हेंबरचा. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने जन्मदाखला पाहताच प्रवेश देऊ केला आणि शनिवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा जाईल, असेही बजावले. या बालवाडीच्या ताईंनी मात्र मुलीला तासभर खेळू दिले आणि मग सांगितले, ‘‘कागदावर ती बसते आहे, पण शू लागली हे अजून तिला सांगता येत नाही. रडवत बसवून फी घेणे मला पटत नाही. पुढच्या जूनला आणा.’’ वर्ष वाया जाणार म्हणून तिच्या आजीने बरीच कुरकुर केली. पण पुढच्या वर्षी पहिल्याच आठवड्यात मुलगी आमचा हात सोडून आत जाऊ लागली, तेव्हा ती कुरकुर थांबली.

पहिले वर्षभर येथे मुलांच्या हाती पेन्सिल देत नाहीत. त्याऐवजी कणकेचे गोळे वळणे, मणी ओवणे, चिमटीने चिंचोके उचलून वाटीत टाकणे असे उद्योग चालतात. लिहिण्यासाठी बोटांत जो जोर लागतो, तो यातून येतो. पाने, बिया आणि शिंपले हीच साधने घेऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले होते. त्या परंपरेशी या ताईंचे नाते सहज ओळखू येते. गृहपाठ नाही. स्नेहसंमेलनाचा बडेजावही नाही, हे माझ्या मते उत्तमच.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. वेळ फक्त अडीच तासांची, साडेअकराला मूल घरी. आई-वडील दोघे नोकरीला जात असतील तर आजी-आजोबा किंवा पाळणाघर यांच्यावाचून निभाव लागत नाही. मुलांना उशिरा शाळेत घालावे म्हणणारे पालक फिनलंडमधील सातव्या वर्षाचा दाखला हमखास देतात. मात्र तोपर्यंत तेथील मुलांसाठी सरकारी मदतीवर चालणारी पाळणाघरे असतात आणि सहाव्या वर्षी पूर्वप्राथमिक वर्ग असतो, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडतो. थांबायचे तर तोवर मुलाला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न या बालवाडीनेही पालकांवरच सोपवला आहे.

दुसरी अडचण पुढील शाळेची. शहरातील अनेक शाळा बालवर्गापासूनच मुले घेतात आणि पहिलीत बाहेरच्यांसाठी फारशा जागा शिल्लक राहत नाहीत. ही बालवाडी कोणत्याही प्राथमिक शाळेला जोडलेली नसल्याने मोठ्या गटाच्या दिवाळीपासूनच पालकांची शोधाशोध सुरू होते. शिवाय स्वच्छतागृह एकच असून पावसाळ्यात अंगणातील खेळ बंद पडतो.

घरी दिवसा कोणी असेल आणि मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधील असेल, तर ही बालवाडी मी निःशंकपणे सुचवेन. पूर्ण दिवसाची सोय हवी असेल त्यांनी दुसरीकडे पाहावे. अर्ज जानेवारीत मिळतात. जन्मदाखल्याची प्रत न्यावी आणि मुलालाही सोबत न्यावे. मुलाखत होत नाही, पण मूल थोडा वेळ खेळताना पाहिल्याशिवाय ताई हो किंवा नाही काहीच सांगत नाहीत.