मेंदूत परांची बांधून देतो म्हणाले आणि 4,25,300 रुपये घेऊन बसले

बाबांच्या मेंदूवरच्या इलाजासाठी एका क्लिनिकला किती दिले, तो आकडा आधी लिहून टाकते, म्हणजे लाज एकदाची संपेल. नोंदणीचे 11,800, पहिल्या डोसचे 1,50,000, दुसऱ्याचे 2,25,000 आणि 'कोल्ड चेन'चे, म्हणजे औषध थंड ठेवून आणण्याचे, 38,500. एकूण 4,25,300 रुपये. त्यातले दोन लाख आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले. आणि मी 22 वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. हसा.

बाबांना अर्धांगवायू होऊन 14 महिने झाले होते. उजवा हात लुळा, बोलणं म्हणजे नुसतं 'हो हो'. पाणी हवं तरी हो हो, नको तरी हो हो. आमचे डॉक्टर एमआरआय बघून म्हणाले, मेंदूचा तेवढा भाग मेलाय, तिथे आता पोकळी आहे, फिजिओ चालू ठेवा. तीन मिनिटांत पुढचा पेशंट आत. अशा वेळी कोणी फोनवर अर्धा तास तुमचं ऐकून घेतलं, तर तुम्हीही त्याचं ऐकाल.

क्लिनिकचा को-ऑर्डिनेटर जिभेवर खडीसाखर ठेवून बोलणारा. "मॅडम, भिंत पडली की आधी परांची बांधतात ना? तसंच हे. पोकळीत जेलची परांची बसवायची, स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, तिच्यावर चढतात." यात सगळीच थाप नव्हती, तीच तर मेख. असे स्कॅफोल्ड खरंच असतात. हायलुरॉनिक ॲसिड, कोलॅजन, कायटोसान यांचे करतात. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी असं एक जेल, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन घालून, मेंदूतल्या पोकळीत सोडलं होतं. 16 आठवड्यांनी तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू दिसले. उंदरांच्या मेंदूत. तो पेपर त्यांनी मला पाठवला, मी चित्रं बघितली आणि 'माइस' या शब्दावरून नजर पुढे नेली.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालते तो सांगते. क्लिनिकमध्ये स्क्रीनवर मेंदूचे दोन छेद लावले होते. एकात काळं भोक, दुसऱ्यात ते भरलेलं. नववीतला मुलगा बरोबर होता. म्हणाला, "आई, या मेंदूला वळ्या का नाहीत?" माणसाच्या मेंदूला वळ्या असतात, उंदराचा गुळगुळीत असतो. हे मीच त्याला शिकवलं होतं. मी म्हटलं, "गप्प बस, डॉक्टर बोलतायत."

आणि सुई! जेल पोकळीत घालायचं तर कवटीला भोक पाडून तिथेच घालावं लागतं. यांनी बाबांना कुशीवर वळवलं आणि कमरेत टोचलं. बारा मिनिटांत काम संपलं. थर्मोकोलच्या डब्यातून बाटली काढली, तिच्यावर लेबल नाही, पेनाने लिहिलेला एक आकडा फक्त. पडलेली भिंत वाड्यात आणि परांची गल्लीच्या तोंडाशी, असं कधी कोणी बांधतं का? पण पहिले दीड लाख गेलेले होते. पैसे गेले की माणूस शंका घेत नाही, आशा धरतो.

'ट्रायल' आहे म्हणाले ना कोणी, तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीचा क्रमांक मागा आणि घरी जाऊन स्वतः तपासा. ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले की तिथूनच उठा. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायच्या असं स्पष्ट आहे. मला हे कळलं दुसऱ्या डोसनंतर.

पावती घरी आल्यावर नीट वाचली. 'पुनर्वसन व पोषण पॅकेज.' जेल नाही, स्टेम सेल नाही. नोंदणीवर 18 टक्के जीएसटी लावलेला, पण जीएसटी क्रमांकाचा पत्ता नाही. पावती पैसे देण्याआधी वाचा हो!

मग चकरा. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः ट्रान्सफर केलेत ना? मग हा दिवाणी मामला. आणि यावर पोषण लिहिलंय, म्हणजे तुम्ही पोषण घेतलंत." औषधांच्या खात्यात म्हणाले, बाटली आणा. बाटली यांनी फेकली, मी काय कचराकुंडीत उतरू? डॉक्टरांच्या नोंदणीचं बघतात त्यांनी प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिल्यावर टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागितला. तो शोधून देणं माझं काम की त्यांचं? महापालिकेतून उत्तर आलं, अर्ज आरोग्य विभागाकडे पाठवला आहे. आरोग्य विभागाचं उत्तर आलं, अर्ज महापालिकेकडे वर्ग केला आहे. सही-शिक्क्यासकट, दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात. क्लिनिकचा बोर्ड मात्र जागच्या जागी आहे, रात्री लाइट लागतो.

बाटलीचा, खोलीचा, टोचणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो काढा. लाजू नका, ते लाजत नाहीत.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याच क्लिनिकमध्ये गेलेलं आणखी कोणी असेल तर आपल्या पावत्या जपून ठेवा. परवा त्या को-ऑर्डिनेटरचा मेसेज आला, तिसऱ्या डोसवर 20 टक्के सूट. त्याचीही प्रिंट काढून फाइलला लावली.