दुसऱ्या राज्यात ड्रंक ड्रायव्हिंगची केस : सोडून द्यावी, पटकन कबूल करावी, की तिथला वकील करून लढवावी?

शनिवारी पोकोनोच्या डोंगरात मित्रांसोबत जेवण झाले, परतताना पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीतच पोलिसांनी गाडी थांबवली, रक्ताचा नमुना घेतला आणि पहाटे एका मित्राने न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी आणून सोडले. त्यानंतर दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही. पेनसिल्व्हेनियात असे पुष्कळदा होते, कारण पोलीस त्या रात्री सोडून देतात आणि आरोपाची कागदपत्रे व समन्स मागाहून टपालाने येतात. मधल्या शांततेत माणसाला वाटू लागते की प्रकरण मिटले. मग एके दिवशी दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाचा लिफाफा येतो. तो विजेच्या बिलांखाली ठेवून द्यावा, की उघडून काही करावे, असा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

मार्ग तीन आहेत. तारखेला जायचेच नाही; किंवा एकदा जाऊन गुन्हा कबूल करून मोकळे व्हायचे; किंवा केस जिथे आहे त्याच काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, काम करणारा फौजदारी वकील करून प्रकरण रीतसर चालवायचे. पहिल्या मार्गाकडे ओढा सर्वांत जास्त असतो, म्हणून त्यावर जास्त लिहिणार आहे.

सोडून देण्यामागे एक समजूत असते की एका राज्याचा गुन्हा दुसऱ्या राज्याला कळत नाही. भारतात परराज्यातले चलान वर्षानुवर्षे तसेच पडून राहिलेले आपण पाहिलेले असते, त्यामुळे ही समजूत आपल्याकडे सहज रुजते. अमेरिकेत बहुतेक राज्ये वाहन परवान्यांसंबंधीच्या आंतरराज्य करारात सामील आहेत. ‘एक चालक, एक परवाना, एक नोंद’ हे त्याचे तत्त्व असून, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एका राज्यात दोषी ठरलेल्या माणसाची नोंद त्याच्या घरच्या राज्याकडे जाते. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन ही राज्ये या करारात नाहीत, पण म्हणून तिथली केस लपून राहते असे नाही. संघराज्य पातळीवर राष्ट्रीय चालक नोंदणी आहे आणि कोणत्याही राज्याने वाहन चालवण्याचा हक्क काढून घेतला की ते नाव तिथे लागते. परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना राज्ये ही नोंदणी तपासतात.

तारखेला हजर न राहिल्यास सर्वप्रथम न्यायाधीश बेंच वॉरंट, म्हणजे गैरहजर आरोपीला अटक करण्याचा आदेश, काढतात. या वॉरंटला मुदत नसते. रोख जामीन भरला असेल तर तो जप्त होऊ शकतो, आणि अनेक राज्यांत गैरहजेरी हाच वेगळा गुन्हा ठरतो. कॅलिफोर्नियात लेखी हमी देऊन हजर न राहणे हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. मूळ आरोपातून सुटलात तरी तो उरतो. त्यानंतर ते राज्य आपल्या हद्दीत गाडी चालवण्याचा तुमचा हक्क निलंबित करते, ती नोंद राष्ट्रीय नोंदणीत जाते, आणि न्यू जर्सीचा परवाना नूतनीकरणाला आला की खिडकीवरचा कर्मचारी सांगतो की आधी पेनसिल्व्हेनियाचे मिटवून या. तोवर दोन-तीन वर्षे गेलेली असतात, पत्ता बदललेला असतो, आणि निलंबनाची पत्रे जुन्या घरी जाऊन परत गेलेली असतात.

पोलीस शोधत येतील का? पहिल्या वेळच्या साध्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या राज्यातून माणूस आणण्याचा खर्च बहुतेक काउंट्या करत नाहीत, हे खरे आहे. पण आरोपीला एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या हवाली करण्याचे अमेरिकी राज्यघटनेतील कलम किरकोळ गुन्ह्यांनाही लागू पडते, म्हणजे आणायचे ठरवले तर आणता येते. आणि पोलिसांना घरी यावे लागतच नाही. मागचा दिवा बंद आहे म्हणून एखाद्या संध्याकाळी गाडी थांबवली जाते, पोलीस संगणकावर नाव घालतो, वॉरंट दिसते, आणि मागच्या सीटवर मुले बसलेली असताना हातात बेड्या पडतात.

‘काही वर्षांत आपोआप संपेल’ ही दुसरी समजूतही टिकत नाही. मुदतीचा कायदा आरोप दाखल करण्यापुरता असतो, आणि दाखल झालेली केस त्याने मरत नाही. त्वरित सुनावणीचा हक्क घटनेत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली डॉगेट खटल्यात साडेआठ वर्षांच्या विलंबामुळे आरोपीला सोडले होते, परंतु तिथे विलंबाचा दोष सरकारकडे होता आणि आपल्यावर आरोप आहे हे त्या माणसाला माहीत असल्याचे सिद्ध झाले नव्हते. ज्याच्या घरी समन्स आले आणि ज्याने ते वाचून ठेवून दिले, त्याला हा आधार मिळणे फार कठीण आहे. उलट वेळ गेल्याने तुमच्याच बाजूचा पुरावा नाहीसा होतो : पोलीस गाडीतले चित्रण पुसले जाते, सोबतचा मित्र दुसरीकडे निघून जातो.

आपल्या वाचकांपैकी जे एच-वन बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘शिक्षा झाली तर व्हिसा जाईल, म्हणून कोर्टातच जायला नको’ असा विचार मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे. २०१५ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे धोरण असे आहे की गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असली, तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. त्यासाठी दोषसिद्धी लागत नाही. व्हिसा रद्द झाला म्हणून देशात राहण्याचा दर्जा आपोआप जात नाही, नोकरी चालू राहू शकते. मात्र देशाबाहेर पडलात की परतण्यासाठी नवे स्टँपिंग लागते. तेव्हा जी गोष्ट टाळण्यासाठी तुम्ही तारीख टाळत आहात, ती अटकेच्या रात्रीच सुरू झालेली असते.

समजा, तुम्ही बहिणीच्या लग्नाला पुण्यात आलात आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला गेलात. अर्जात अटकेबद्दल विचारलेले असते आणि तिथे खोटे लिहिणे हा मूळ गुन्ह्याहून मोठा धोका आहे. पाच वर्षांत एक किंवा दहा वर्षांत दोन अशा अटका असतील, तर वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवतात. त्याबरोबर न्यायालयाच्या अंतिम निकालाची प्रमाणित प्रत मागितली जाते. ज्याने केस मिटवली आहे, त्याच्या फाइलमध्ये ती असते, आणि निकाल विरुद्ध गेलेला असला तरी एकट्या साध्या केसमध्ये पुढे विचार होऊ शकतो. ज्याने सोडून दिली, त्याच्याकडे दाखवायला फक्त वॉरंट असते. ते रद्द करून घ्यायला न्यायाधीशांनी प्रत्यक्ष हजर राहायला सांगितले, तर हजर राहण्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी आधी केस मिटायला हवी. या पेचात नोकरी जाते, भाड्याचे घर आणि गाडीचे हप्ते तिकडे चालूच राहतात.

ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जांतही प्रत्येक अटकेचा निकाल द्यावा लागतो. एकच साधी केस सहसा देशाबाहेर काढण्याचे कारण ठरत नाही. पण दुर्लक्षामुळे परवाना निलंबित झाला, ते माहीत असून पुन्हा दारू पिऊन गाडी चालवली, तर तो नैतिक अधःपाताचा, म्हणजे स्थलांतर कायद्यात देशाबाहेर काढण्याचे कारण ठरू शकणारा, गुन्हा मानला जाऊ शकतो. स्थलांतर अपील मंडळाने ॲरिझोनाच्या कायद्याखालील एका प्रकरणात १९९९ साली तसा निर्णय दिला आहे.

आता दुसरा मार्ग, म्हणजे एकदाच जाऊन कबूल करणे. वॉरंट निघत नाही, निकालाचा कागद हातात येतो, म्हणून पहिल्यापेक्षा तो निश्चित बरा. मात्र तो दिसतो तितका स्वस्त नसतो. पेनसिल्व्हेनियात रक्तातले अल्कोहोल ०.०८ ते ०.०९९ टक्के असेल, तर पहिल्या वेळी सहा महिने प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीचा काळ) आणि ३०० डॉलर दंड, परवान्याचे निलंबन नाही, असे कायदा सांगतो. हे वाचून माणूस लगेच सही करतो. तीच दोषसिद्धी न्यू जर्सीत पोचली की घरचे राज्य आपल्या कायद्याने वेगळे परिणाम लावते, आणि तिथला अधिभार वर्षाला १,००० डॉलर, सलग तीन वर्षे आहे. शिवाय वाहन विम्याचा हप्ता वाढतो, आणि कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून हा गुन्हा गंभीर वर्गात घातल्यामुळे टोरंटोच्या नातेवाइकांकडे जाणेही अडते.

तिसऱ्या मार्गात खर्च आधी होतो, हे मान्य केले पाहिजे. त्या काउंटीतल्या वकिलाची फी काही हजार डॉलर असू शकते आणि सुट्टी काढून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. त्या बदल्यात जे मिळते ते इतर दोन मार्गांवर मिळतच नाही. पेनसिल्व्हेनियात पहिल्या वेळच्या आरोपींसाठी ‘एआरडी’ नावाची योजना आहे. कोणाला गंभीर इजा झालेली नसेल, गाडीत चौदा वर्षांखालील मूल नसेल, आणि काउंटीच्या सरकारी वकिलांनी मान्य केले, तर गुन्हा कबूल न करता देखरेखीचा काळ, दारूविषयक मूल्यमापन व सुरक्षित वाहनचालनाचे वर्ग पूर्ण करायचे असतात. ते झाले की आरोप रद्द होतो आणि नोंद पुसण्याची सोय आहे. अटक झाल्याचे स्थलांतराच्या अर्जात तरीही सांगावे लागते, पण सोबत आरोप रद्द झाल्याचा कागद असतो. तारखा चुकवणाऱ्याला ही योजना देण्यास सरकारी वकील बांधील नाहीत. नेवाडात स्थिती वेगळी आहे : पुरावा पुरेसा असेल तर आरोप खाली आणण्याची सवलत सरकारी वकिलांना कायद्यानेच नाही, म्हणून लास वेगासची केस असेल तर भर पुराव्यातल्या त्रुटींवर द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात साध्या केसमध्ये बहुतेक तारखांना तुमच्या वतीने वकील उभा राहू शकतो, त्यामुळे परराज्यातल्या माणसाला तिथे फेऱ्या कमी पडतात.

वकील निवडताना एक घड्याळ मात्र न्यायालयाच्या तारखेपेक्षा जोरात धावत असते. परवान्याच्या निलंबनाविरुद्ध प्रशासकीय सुनावणी मागण्याची मुदत कॅलिफोर्नियात अटकेपासून १० दिवस, टेक्सासमध्ये सूचना मिळाल्यापासून १५ दिवस आणि जॉर्जियात ३० दिवस आहे. ही मागणी फौजदारी खटल्यापासून वेगळी असते आणि ती चुकली की खटला जिंकूनही निलंबन उरू शकते. स्थलांतराचा प्रश्न असलेल्यांनी कोणत्याही कबुलीवर सही करण्यापूर्वी स्थलांतर वकिलाला तो मसुदा दाखवावा, कारण फौजदारी वकिलाला ती बाजू माहीत असेलच असे नाही.

जे कायमचे परत चालले आहेत, त्यांच्यासाठी दुर्लक्ष करण्याचा मोह सर्वांत समजण्यासारखा आहे. भारत-अमेरिका प्रत्यार्पण कराराखाली एक वर्षाहून अधिक शिक्षेचा गुन्हा लागतो आणि पेनसिल्व्हेनियातली ही सौम्य केस त्या पातळीला पोचत नाही, म्हणजे कोथरूडच्या घरी कोणी न्यायला येणार नाही. तरीही मुलगी पुढे तिकडे शिकायला गेली आणि तिच्या पदवीदानाला जायचे झाले, तर व्हिसाच्या अर्जातला तोच प्रश्न आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर तेच जुने वॉरंट उभे राहील. निघण्याआधीचे सहा-आठ आठवडे हातात असतील, तर सामान बांधण्याबरोबर त्या काउंटीतल्या वकिलाला फोन करावा, कारण प्रत्यक्ष न्यायालयात उभे राहायला तुम्ही तेव्हा तिथे असता आणि नंतर नसता.