मारुती मस्त उडाला, पण उडवणाऱ्यांचा ड्रेस घेऊ नका

आमचं गाव फोंडा तालुक्यात, देवळाच्या उत्सवाला नाटक हवंच. यंदा पोरांनी ठरवलं मारुती खराच उडवायचा, म्हणून बाहेरून फ्लायिंगवाले, म्हणजे नटाला वायरीवर टांगून उडवणारे, बोलावले, दोन दिवसांचे २२ हजार, जेवण-राहणं आपलं. नाव लिहीत नाही, कारण अर्धं काम त्यांनी खरंच एक नंबर केलं.

आल्या आल्या मांडवाच्या पत्र्याखालच्या पायपांना पुली बांधायला साफ नाही म्हणाले. आमचा प्लॅन तोच होता, वर बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट आणून ठेवलेला. तो पडणाऱ्याला धरायला असतो, कडी पाठीला, त्यात माणूस उडत नाही, वाळत घातलेल्या शर्टासारखा लोंबतो आणि मांड्यांचे पट्टे काचून रक्त अडतं ते वेगळंच. यांचा हार्नेस कमरेचा, दोन्ही बाजूंना एकेक फिरती कडी आणि काळी वायर, त्यामुळे पात्र पोटावर आडवं होऊन झेपावतं. ट्रस, म्हणजे टांगायचा सांगाडा, त्यांचाच, जमिनीवरून उभा केलेला. आमचा मारुती मुकुट-गदेसकट ७५ किलो, पण माणूस टांगायचा तर निदान १० पट ताकद धरायची म्हणाले, आणि आधी वाळूच्या गोणी वर-खाली केल्या, मग माणूस. आपल्या खाऱ्या हवेत वायर गंजते, तर दोन्ही दिवस फडकं फिरवून बघितलं, तुटलेली तार असली की फडकं अडकतं. हे मला आवडलं.

घोळ ड्रेपरीत. पॅकेजातला मारुतीचा ड्रेस वेलवेटचा, हार्नेसवरून घालायचा, पण वायरी बाहेर यायला कमरेला फटी जेमतेम दोन बोटं! उभा असेपर्यंत ठीक, आडवा झाला की कडी फिरते आणि कापड तिच्यात गोळा. रंगीत तालमीत शेलाच गुंतला, बजरंगबली अर्ध्यावर तिरके, एक खांदा वर एक खाली, प्रॉम्प्टर हसून बेजार. लगेच खाली घेतलं म्हणून बरं, नाहीतर अंगातला कपडा ओढला गेला असता. त्यांचा उपाय काय तर शेला काढा. शेल्याशिवाय मारुती?

मग आमच्या टेलरमामांनी रात्री बसून फटी वीतभर केल्या, कडांना आतून कॅनव्हास, वरून त्याच वेलवेटची झडप टिचबटणावर, शेला पाठीशी टाके घालून पक्का. शेपूट ड्रेस मागं ओढत होतं ते उसवून थेट हार्नेसच्या पट्ट्याला लावलं. हे काम पैसे घेणाऱ्यांनी करायला नको?

प्रयोगाला ४० सेकंदांचं उड्डाण, हातावर द्रोणागिरी, आणि पुढच्या रांगेतली आजी मोठ्यानं, ‘सामको खरो मारुती मरे!’ (अगदी खरा मारुती रे!) वायरी मात्र तिथल्यांना दिसल्या, मागं निळा पडदा होता, तुम्ही काळा लावा.

रिगिंगला, म्हणजे टांगण्या-उडवण्याच्या कामाला, ५ पैकी ५, ड्रेसला दीड. बोलावणार असाल तर हार्नेस आठ दिवस आधी मागवा आणि तो घातलेल्या माणसावरच आपल्या टेलरकडून ड्रेस बेतून घ्या. आम्हाला ड्रेस कापला म्हणून डिपॉझिटमधले ५०० गेले, आता पुढच्या गावाला तोच ड्रेस मामांच्या फटींसकट भाड्यानं जाणार.