टर्बो गाडीत ‘कॅम’ टाकायला निघालात? आधी माझे पावणेदोन लाख कसे गेले ते ऐका

दिवाळीत सोलापूरला मामांकडे गेलो तेव्हा डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कॅमशाफ्ट होते (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, थोडक्यात ‘कॅम’). मी गाडीत मोठे कॅम टाकून घेतले, तेव्हा ‘हे तुमच्या गाडीतले जुने,’ म्हणून गॅरेजवाल्याने अगदी अगत्याने हातात दिलेले. मामांचं आयुष्य कॅमशाफ्टच्या कारखान्यात ग्राइंडिंगवर गेलं. (सोलापुरातून जगभरच्या गाड्यांसाठी कॅम जातात, हे पुण्यात फारसं कुणाला ठाऊक नसतं.) म्हटलं, दाखवू त्यांना, खूश होतील.

त्यांनी ओट्यावर कागद उलगडला. एक कॅम उचलून टोकापर्यंत अंगठा फिरवला, मग दुसरा उचलला.

“तुझी गाडी डायरेक्ट इंजेक्शनची ना बे?”

“हो मामा.”

“मग पंपाचा लोब कुठाय?”

माझी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात मारायला लागणारा हाय-प्रेशर पंप कॅमशाफ्टवरच चालतो, त्यासाठी एका कॅमच्या टोकाला वेगळा चौकोनी लोब, म्हणजे उंचवटा, असतो. माझ्याकडच्या दोन्ही कॅमवर तो नव्हता. म्हणजे ते माझ्या गाडीतले नव्हतेच. मग माझ्या गाडीतले गेले कुठे? उत्तर सोपं होतं: कुठेच गेले नव्हते.

आता मी एवढा बावळट कसा ठरलो ते सांगतो, कारण गॅरेजवाल्याची बहुतेक वाक्यं खरी होती. गाडी कंपनीतून १८० पीएस पॉवर आणि २५० एनएम टॉर्कची (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर). ती ज्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत येते, त्याची मर्यादाही २५० एनएमच. तो म्हणाला, “साहेब, टॉर्क वाढवला तर क्लच जळतील. मग पॉवर वरच्या आरपीएमला काढायची. त्यासाठी कॅम.” गिअरबॉक्सचं खरं. कॅममुळे पॉवर वर सरकते हेही खरं. दोन खऱ्यांच्या मध्ये खोटं कुठे बसवलंय, ते मला दिसलं नाही.

ते इथे होतं. बिनटर्बोच्या इंजिनात मोठा कॅम टाकला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. एक्झॉस्ट बंद व्हायच्या आधीच इनटेक उघडतो, आणि बाहेर जाणारा धूर नव्या हवेला मागून ओढून घेतो. छान चालतं. पण कंपनीचा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) लहान असतो, खालच्या आरपीएमला झटकन उठावा म्हणून. वरच्या आरपीएमला तोच एक्झॉस्टच्या वाटेत बूच होऊन बसतो आणि धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब आत कोंबलेल्या हवेच्या दाबापेक्षाही (बूस्टपेक्षाही) वर जातो. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असले तर जळका गॅस बाहेर जायच्या ऐवजी सिलिंडरमध्येच परत घुसतो. उष्णता वाढते, नॉकिंग होतं (पेट्रोल अवेळी पेटतं), ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. पॉवर राहिली बाजूला, खालचा टॉर्कही जातो. मोठा टर्बो, त्याला पुरेल एवढं इंधन, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग, झेपेल असा गिअरबॉक्स, हे सगळं झाल्यावर कॅमचा विषय येतो. रोज हिंजवडीला ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो येतच नाही.

हे सगळं आज सांगतोय. तेव्हा मला तो आवाज हवा होता, खोटं कशाला बोलू? थांबलेली गाडी धड्-धड्, धड्-धड् अशी हलते ना, तो.

१,७५,००० ठरले. कॅमचा सेट, मजुरी, मॅप (म्हणजे इंजिनाचं बदललेलं सॉफ्टवेअर). ७५ हजार आगाऊ यूपीआयने, उरलेले रोख, ‘जीएसटी वाचेल’ म्हणून. पक्कं बिल नाही, कागदावर पेनाने लिहिलेला आकडा. गाडी सकाळी नऊला दिली आणि संध्याकाळी सातला मिळाली. या इंजिनात कॅम काढायचे तर टायमिंग चेन सोडवून परत टायमिंगवर बसवावी लागते. हे एका दिवसात उरकतं का, असं मी त्याला विचारलंसुद्धा नाही. यादीत स्प्रिंग का नाहीत, हेही नाही.

गाडी चालू केली आणि आवाज आला! मी खूश. डायनोचे, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनचे, दोन कागद मिळाले: आधी १५१, नंतर १९६. घरी फ्रेमच करायची बाकी होती. मामांच्या ओट्यावरून परतल्यावर ते कागद नीट पाहिले, तर पहिल्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘व्हील’, दुसऱ्याच्या कोपऱ्यात ‘इंजिन’. म्हणजे आधीची पॉवर चाकांवर मोजलेली, नंतरचीत गिअरबॉक्सचा लॉस मिळवून सांगितलेली. दुसरीकडे चाकांवर मोजली तर १६२ आली. तीही फक्त मॅपची.

त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला. चेनच्या वरच्या कव्हरच्या बोल्टवर पाना लागल्याची एक खूण नाही. कव्हरच्या कडेला तेल-धुळीची जुनी साय जशीच्या तशी. “हे कुणी उघडलेलंच नाही दादा.” आणि आवाज? तो सॉफ्टवेअरचा. आयडल (थांबलेल्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) खाली आणायचं, इग्निशनचं टायमिंग मुद्दाम मागेपुढे हलवायचं, की साधं इंजिन रेसिंग कॅम असल्यासारखं लंगडतं.

मी जाब विचारायला गेलो. तो चिडला नाही की घाबरला नाही. चहा मागवला आणि म्हणाला, “करा ना तक्रार. आधी सांगा, इंजिनात बदल करून घ्यायला आलो होतो म्हणून.” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला पाठ होतं. आरसीतल्या नोंदींशी जुळणार नाहीत असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय इन्शुरन्सची भीती. याच भांडवलावर त्याचा धंदा चालतो. आठ दिवस मी गप्प बसलो.

मग एका वकील मैत्रिणीला सांगितलं. ती हसायलाच लागली. “अरे, कॅम बदललेच नाहीत, हीच तर तुझी तक्रार आहे!”

आधी गाडीत कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पाठोपाठ नोटीस. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नसते आणि मुदत दोन वर्षांची असते, हे मला तिच्याकडून कळलं. कामाला आलं ते फक्त यूपीआय आणि त्याच्यासोबतचा व्हॉट्सॲप मेसेज, ‘कॅम सेट ॲडव्हान्स मिळाला’. रोख दिलेल्या एक लाखाचं तो आता नावही घेत नाही. ७५ हजारांपैकी ५० परत आले आहेत, दोन हप्त्यांत, दोन्ही वेळा रात्री अकरानंतर.

दोन्ही कॅम माझ्या कपाटात आहेत. वर्तमानपत्रही टाकायचं नाही, अशी मैत्रिणीची सक्त ताकीद आहे.