डिमेन्शिया असलेल्या बाबांसाठी घोड्यांचा उपक्रम: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी एक स्पष्ट सांगते. याने स्मरणशक्ती सुधारत नाही, त्या आशेने कुणी जाऊ नये. घरी पोचेपर्यंत बाबांना घोडा आठवतही नाही. पण त्या दिवशीची संध्याकाळ वेगळी जाते. एरवी दिवस कलला की येरझाऱ्या सुरू होतात, "मला घरी जायचंय" हा धोशा लागतो. घोड्यांकडे जाऊन आल्यावर तो बराच कमी असतो. रोजची संध्याकाळ सांभाळणाऱ्याला याची किंमत कळेल.

घोड्यावर बसवत नाहीत. बाबांची हाडं ठिसूळ आहेत, तोल जातो, त्यामुळे बसवणार असते तर मी नेलंच नसतं. सगळं जमिनीवरूनच चालतं: खरारा, आयाळ विंचरणं, बादलीतून चारा देणं, मोतद्दाराने (घोड्यांची निगा राखणाऱ्याने) मोरकी धरलेल्या घोड्याशेजारून थोडं चालणं.

खराऱ्यात बाबा सर्वांत जास्त रमतात. घरी शर्टाची बटणं लावताना त्यांचे हात मध्येच थबकतात. इथे मोतद्दार त्यांच्या हातावर हात ठेवून ब्रश एकदा घोड्याच्या मानेवरून खाली फिरवतो आणि सोडून देतो. पुढे हात आपला आपण चालतो, केसांच्या दिशेने, एका लयीत. नावं आणि शब्द निसटत गेले तरी हाताच्या सवयी बरेच दिवस टिकतात, म्हणून तोंडी सूचनांपेक्षा असं दाखवणं लागू पडतं. घोडा फुरफुरला की बाबा थांबून त्याच्याशी बोलतात. वाक्य अर्ध्यावर राहतं, पण तिथे त्यांना कुणी दुरुस्त करत नाही.

अमेरिकेतल्या ओहायोमध्ये 16 जणांवर असाच प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. उपक्रमाच्या दिवशी त्रासदायक वागणं कमी दिसलं. मात्र आजार सौम्य असलेल्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताण आल्यावर वाढणारं संप्रेरक वाढलेलं आढळलं, म्हणजे नव्या कामाचा थोडा ताण येतोच. अभ्यास लहान आहे, पण पहिल्या भेटी आटोपशीर ठेवाव्यात हे मला त्यातून पटलं.

आता तक्रारी. आमच्या केंद्रातले काही मदतनीस उत्साहाने विचारायचे, "आजोबा, घोड्याचं नाव आठवतंय का?" बाबांचा चेहरा लगेच पडायचा. ज्याच्या स्मृतीलाच आजार झालाय त्याची परीक्षा कशाला? हे मी ठामपणे बंद करवलं. एकदा नवीन माणूस बाबांना घोड्याच्या मागून घेऊन येत होता. घोड्याला थेट मागचं दिसत नाही, दचकून लाथ बसू शकते. खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असं जावं लागतं. घोड्याने कान मागे चिकटवले की लांब व्हायचं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत हवं. सत्रं उशिरा सुरू होतात तेही वाईटच, ताटकळत बसलं की बाबांची चुळबुळ वाढते.

जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, धनुर्वाताची लस, सगळं विचारून घ्या. नंतर हात साबणाने धुवायलाच हवेत. ज्यांना आयुष्यभर जनावरांची भीती वाटली, त्यांना आग्रह करू नका, कुंपणाबाहेरून बघणंही काहींना पुरतं.

आम्ही पुढेही जाणार आहोत. सकाळी बाबा ताजेतवाने असतात, त्यामुळे दुपारऐवजी सकाळची वेळ मागून घेतली आहे.