बॅगेचा डिजिटल वजनकाटा: वर्षभर वापरून झाल्यावर

बॅगेच्या हँडलला पट्टा अडकवून उचलायचा तो छोटा डिजिटल काटा घेऊन वर्ष झालं, ५० किलोपर्यंत चालतो आणि मला मनापासून आवडलाय. खरं वजन दाखवतो का हे बघायला एकेक लिटर पाण्याच्या दहा बाटल्या पिशवीत भरून लटकवल्या, १० किलोच्या जरासं वर आलं, बाटल्या-पिशवीचं वजन धरलं तर बरोबरच. फक्त बीप होईपर्यंत हात हलवायचा नाही आणि काटा किलोवर आहे की पाउंडवर ते आधी बघायचं, बटण चुकून दाबलं जातं.

पण काटा घेतला म्हणजे विमानात जादा सामानाचे पैसे वाचलेच असं धरू नका. पहिल्याच प्रवासात माझ्या दोन बॅगा होत्या, एक १४ किलोची आणि एक ८ ची, मिळून २२, लिमिट २३ चं म्हणून मी निवांत, आणि काउंटरवर कळलं की तिकिटावर 'वन पीसी' आहे म्हणजे एकच बॅग, दुसरीचे पैसे वेगळे. तेही काउंटरच्या दराने, जो ऑनलाइन आधी भरण्यापेक्षा बराच जास्त होता. फार लागलं मनाला, कारण सगळं सामान एका मोठ्या बॅगेत सहज मावलं असतं.

तेव्हापासून वजन करायच्या आधी तिकीट वाचते. किलो लिहिलं असेल तर साधारणपणे एकूण वजन धरतात. पीस असेल तर प्रत्येक बॅग वेगळी मोजतात, लिमिट प्रत्येकी २३ असताना एक २६ आणि दुसरी १८ भरली तर सरासरी कोणी काढत नाही, २६ वालीचे पैसे लागतात. ३२ किलोच्या वरची एक बॅग तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, उचलणाऱ्या माणसांच्या पाठीचा प्रश्न आहे आणि ते मला अगदी योग्य वाटतं. मापही असतं, बऱ्याच ठिकाणी लांबी रुंदी उंची मिळून १५८ सेंमी, चाकं आणि हँडल धरून. आणि दोन फ्लाइटची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दोन्हीकडचे नियम वेगळे वाचा, पहिलीकडे चाललं ते दुसरीकडे चालेलच असं नाही.

काट्याचा खरा उपयोग मला केबिन बॅगेला झाला. लिमिट पुष्कळदा ७ किलो असतं आणि रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलो भरते, म्हणून आता मी ट्रॉली सोडून साधी सॅक नेते. केबिन बॅग गेटवर विमानाच्या पोटात टाकायला घेतली तर पॉवर बँक काढून जवळ ठेवा, ती चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची, सहसा बिनपरवानगी नेता येते.

काट्याला नाण्याएवढा सेल लागतो, माझा परतीच्या दिवशीच संपला होता, एक जास्तीचा सोबत ठेवा.